पायनॅपल लिली: पावसाच्या तालावर जगणारा कंद घरच्या कुंडीत कसा वाढवावा

हौसेने ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कंद मागवायचे आणि पहिल्या उन्हाळ्यातच ते गमवायचे, हा अनुभव आपल्याकडच्या बऱ्याच बागप्रेमींनी घेतलेला असतो. त्यात त्यांच्या निगराणीचा दोष नसतो. ट्यूलिपला धड फुलायचं तर तीन-चार महिने सलग गारठा लागतो, तोही साधारण 9 अंशांच्या खालचा. तेवढी थंडी पुणे-नाशिकला सलग पडत नाही आणि मुंबई-गोव्याला तर नाहीच. कंदफुलांची आवड असेल तर मूळ गावी ज्यांचं ऋतुचक्र आपल्यासारखं आहे असे कंद निवडावेत. माझी पहिली शिफारस पायनॅपल लिलीची.

हिचं शास्त्रीय नाव युकोमिस. मूळ घर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा पूर्व भाग: क्वाझुलू-नाताल, ईस्टर्न केप, ड्रेकन्सबर्ग डोंगररांगेच्या उतरणी, लेसोथो, एस्वातिनी. तिथली गवताळ कुरणं आणि ओढ्याकाठच्या ओलसर जागा ही हिची वस्ती. या पट्ट्यात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. पाऊस आला की कंदाला पानं फुटतात, मग दांडा वर येतो, फुलं येतात. पाऊस सरला की पानं पिवळी पडून जमिनीवर काही उरत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या रानकांद्याला ओळखणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. रानकांदा, कोकणच्या सड्यांवरची दिपकाडी आणि पायनॅपल लिली हे तिन्ही शतावरीच्या कुळातल्या एकाच उपकुळातले. म्हणजे लांबची का होईना, पण नात्यातलीच वनस्पती आहे ही.

या लेखातली प्रत्येक सूचना शेवटी एकाच गोष्टीवर येते: वाढत असताना भरपूर पाणी आणि तितकाच चोख निचरा, झोपेत असताना पूर्ण कोरडं. हे पाळलं तर हा कंद वर्षानुवर्षं टिकतो आणि दर वर्षी वाढत जातो.

रूप कसं असतं

जमिनीलगत रुंद, लांब, मऊ पानांचा गुच्छ पसरतो. त्याच्या मधून जाड दांडा येतो. त्यावर सहा पाकळ्यांची चांदणीसारखी फुलं दाटीने लागतात आणि अगदी टोकाला हिरव्या पानांचा तुरा असतो, हुबेहूब अननसाच्या डोक्यावरच्यासारखा. फुलं खालून वर उमलत जातात. एकेक फूल जवळून बघा: मधोमध फुगीर अंडाशय असतो, काही जातींत तो गडद जांभळा, आणि पाकळ्या हिरवट पांढऱ्या किंवा गुलाबी. पाकळ्यांची टवटवी गेली तरी हा अंडाशय फुगत राहतो, त्यामुळे दांडा कित्येक आठवडे भरलेलाच दिसतो.

कोणती जात घ्यावी

पहिल्यांदा लावणाऱ्याने युकोमिस कोमोसा घ्यावी. दीड ते अडीच फूट उंची, पानांच्या बुडाशी आणि दांड्यावर जांभळे ठिपके, फुलांना मंद गोडसर वास. हिचीच 'स्पार्कलिंग बरगंडी' ही निवड जगभर लोकप्रिय आहे. तिची कोवळी पानं गडद वांगी रंगाची असतात, पुढे हिरवट होतात. रंग टिकवायचा तर ऊन चांगलं हवं, सावलीत ती हिरवी पडते. युकोमिस ऑटमनॅलिस थोडी बुटकी, हिरवट पांढऱ्या फुलांची, लहान बाल्कनीला सोयीची.

युकोमिस बायकलर दिसायला देखणी, पाकळ्यांना जांभळी किनार असते, पण तिच्या फुलांना कुजकट वास येतो. मूळ गावी तिचं परागीभवन घाणीवर बसणाऱ्या माश्या करतात, म्हणून तो वास. कोमोसा आणि ऑटमनॅलिसकडे तिथे कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्या येतात. जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिडकीत बायकलर ठेवू नका, गच्चीच्या कोपऱ्यात चालेल. युकोमिस पॅलिडिफ्लोरा माणसाच्या उंचीची होऊ शकते; ती अंगण असणाऱ्यांसाठी. आणि युकोमिस रेजिया घेऊच नका. ती केपच्या पश्चिम भागातली, हिवाळी पावसाची; आपल्या पावसाळ्यात तिला झोपायचं असतं आणि तेव्हाच ती कुजते.

कंद घेताना तो हातात धरून बघता आला तर उत्तम. घट्ट आणि वजनदार असावा, बुडाची चकती कोरडी आणि कडक असावी. अंगठ्याने दाबल्यावर कुठे मऊ लागला किंवा बुडाशी बुरशीचा वास आला तर नको. घेर 14 सेंमीच्या पुढे असेल तर पहिल्याच वर्षी फूल यायची शक्यता चांगली. त्याहून बारीक कंद स्वस्त मिळतात, पण एक-दोन वर्षं नुसती पानं देतात. ऑनलाइन मागवत असाल तर कंद कुठून आलाय हे विचारा. न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेतून थेट आलेल्या कंदाचं घड्याळ आपल्यापेक्षा सहा महिने उलटं असतं आणि पहिल्या वर्षी तो भलत्याच वेळी फुटू शकतो. हॉलंडकडच्या कंदाचं वेळापत्रक आपल्याशी जुळतं.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: कंद नर्सरीत वाढवलेला आहे ना? झुलू लोकांच्या पारंपरिक औषधांत ऑटमनॅलिसचा कंद पूर्वापार वापरला जातो, तिथे त्याला 'उमाथुंगा' म्हणतात. डर्बनच्या औषधी बाजारांत तो विकायला येतो, आणि त्यासाठी रानातून इतका उपसला गेला आहे की कुरणांमधली संख्या घटली आहे. आपल्या कुंडीसाठी रानातला कंद यावा हे मला पटत नाही. औषधाचा उल्लेख वाचून घरी काही प्रयोगही करू नका. कच्चा कंद विषारी मानला जातो.

कुंडी आणि माती

कोमोसाच्या एका कंदाला 10 इंची कुंडी पुरते. तीन कंद एकत्र लावायचे असतील तर 14 इंची घ्या. तीन दांडे एका वेळी आले की शोभा फार वाढते. कुंडी खोल हवी, कारण मुळं जाड असतात आणि खाली जातात. त्यांतली काही मुळं आकसून कंदाला हळूहळू खाली खेचून घेतात. उथळ बशीसारख्या कुंडीत हा कंद सुखी राहत नाही.

मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा बरी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल निघून जाते. बुडाला एकच भोक असेल तर आणखी दोन-तीन पाडून घ्या. भोकांवर खापरीचा तुकडा उपडा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणीही अडत नाही. कुंडी थेट फरशीवर टेकवू नका. खाली विटेचे तीन तुकडे ठेवून ती उचललेली असू द्या. खालची ताटली पावसाळ्यात काढून टाका, कंद कुजण्याचं ते सगळ्यात सामान्य कारण आहे.

मिश्रणात 2 भाग पोयट्याची किंवा लाल माती, 1 भाग जाड वाळू किंवा विटांचा भरड चुरा, 1 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घ्या. एका कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा मिसळा. काळी माती वापरायची असेल तर तिचं प्रमाण अगदी थोडं ठेवा. ती ओली असताना चिकट होते आणि वाळल्यावर आवळते, कंदाला दोन्ही सोसत नाही. नुसतं कोकोपीटही नको, पावसाळ्यात ते दिवसेंदिवस ओलं राहतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भुरभुरीत माती मिळते, ती निचऱ्याला चांगली, फक्त खत जास्त घालावं लागतं.

मिश्रण झालं की कुंडी भरून एक तांब्या पाणी ओता. पाणी वर साचून राहिलं तर अजून वाळू मिसळा. मिनिटाभरात खालून वाहू लागलं की माती जमली.

लावणी केव्हा आणि कशी

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागांत मार्चअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. घरोघरी अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी घालतात, त्याच सुमारास कंदही लावून टाकावा. विदर्भ-मराठवाड्यात मात्र घाई करू नका. मे महिन्यात स्लॅबवरच्या कुंडीतली माती इतकी तापते की नुकती फुटलेली मुळं भाजतात. तिथे कंद कोरड्या सावलीत राहू द्या आणि मेअखेर, मृगाच्या थोडं आधी लावा.

कंदाचा निमुळता भाग वर, चपटं बूड खाली. कुंडीत कंदाच्या टोकावर साधारण 3 ते 5 सेंमी माती यावी. लावण्याआधी कंद ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी घातलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून सावलीत कोरडा केला तर बुरशीपासून संरक्षण मिळतं. कंदाखाली दोन बोटं नुसती वाळू पसरायची माझी पद्धत आहे. बुडाशी पाणी रेंगाळत नाही.

लावल्यावर एकदा नीट पाणी द्या. मग कोंब दिसेपर्यंत हात आवरता घ्या. माती वरून दोन इंच वाळली असेल तरच थोडं पाणी, नाहीतर नाही. या टप्प्यात कंदाला मुळं नसतात, तो पाणी पिऊ शकत नाही, आणि न प्यालेलं पाणी त्याला कुजवतं. कोंब यायला तीन ते सहा आठवडे लागतात. काही कंद त्याहून जास्त वेळ घेतात. उकरून बघू नका. कोवळा कोंब बोट लागताच मोडतो.

ऊन, पाणी, खत

सकाळचं चार ते सहा तास ऊन आणि दुपारी आडोसा, अशी पूर्वेकडची बाल्कनी हिला सगळ्यात मानवते. पश्चिमेच्या उन्हात एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा करपतात, तिथे 50 टक्क्यांची हिरवी जाळी लावा. ऊन कमी पडलं तर पानं लांबट, लोळणारी होतात आणि दांडा वाकतो. पावसाळ्यात ढगाळ दिवस असतात म्हणून कुंडी तेव्हा जास्तीत जास्त उजेडाच्या जागी सरकवा.

पानं हातभर झाली की तिची तहान वाढते. पावसाला खंड पडला तर एक दिवसाआड पाणी द्यावं लागतं. पाणी पानांच्या गुच्छात न ओतता कडेने मातीत ओता, मधल्या खोबणीत पाणी साचलं की कोवळा दांडा आतल्या आत सडू शकतो. मुंबई, कोकण, महाबळेश्वर अशा धो धो पावसाच्या ठिकाणी कुंडी छज्जाखाली ठेवून पाणी स्वतः देणं जास्त सुरक्षित. हा कंद ओढ्याकाठी वाढतो हे खरं, पण तिथे उतार असतो, पाणी पुढे जातं. कुंडीत ते अडून राहतं.

खत फार लागत नाही. चार-पाच पानं आल्यावर एक मूठ गांडूळखत, मग दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ते 2 ग्रॅम. दांडा दिसू लागला की नत्र कमी करून पालाश वाढवा, 0:0:50 तेवढ्याच प्रमाणात दोनदा दिलं तरी पुरे. युरियाच्या मोहात पडू नका. पानं जोमदार दिसतात, पण मऊ होतात आणि कंद पोसत नाही.

फुलं आल्यावर

लावणीच्या वेळेनुसार आणि जागेनुसार दांडा साधारण जून ते ऑगस्टमध्ये येतो. भरलेला दांडा जड असतो. वारा लागत असेल तर बांबूची बारीक काडी कंदापासून चार बोटं लांब खोचून सुतळीने सैल बांधा.

फुलदाणीत ठेवायची तर खालची एक तृतीयांश फुलं उमलल्यावर सकाळी दांडा कापा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं आणि बुडाचा अर्धा इंच कापत गेलं तर दोन-तीन आठवडे आरामात टिकतो. इतकं टिकाऊ कापफूल घरच्या बागेत दुसरं क्वचितच असेल, आणि परदेशातले फुलवाले हिला मान देतात तो त्यासाठीच. पानं मात्र एकही कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल या पानांनी पोसलेल्या कंदातून येतं.

बी नको असेल तर फुलं उतरली की दांडा बुडातून काढा. बी धरायचं असेल तर राहू द्या. तीन कप्प्यांच्या बोंडांत काळं चकचकीत बी तयार होतं.

झोपेचा काळ

सगळ्यात जास्त कंद इथे मरतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

दसऱ्याच्या सुमारास पानं निस्तेज दिसू लागतात. खत तेव्हाच थांबवा. कोजागरीनंतर पाणी कमी करत न्या: आधी आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा, आणि पानं पूर्ण पिवळी पडली की बंद. या वेळी झाड आजारी आहे असं समजून लोक पाणी वाढवतात, औषध फवारतात. पिवळी पानं ही या काळात तब्येतीची खूण आहे, पानांतला साठा कंदात उतरतोय. पानं हाताने ओढून काढू नका, आपोआप सुटतील.

मुंबई-गोव्याच्या उबदार हवेत पानं डिसेंबरपर्यंत हिरवी राहू शकतात. तरी पाणी तोडा. कंदाला थंडीपेक्षा कोरड्या विश्रांतीची गरज जास्त आहे, आणि ती आपल्याला द्यावीच लागते.

मग दोन पर्याय. एक, कंद कुंडीतच ठेवून ती आडवी करून कोरड्या, हवेशीर सावलीत सरकवायची. अवकाळी पावसात भिजणार नाही एवढं बघायचं. मला हीच पद्धत आवडते, मुळांना धक्का लागत नाही. दुसरा, कंद काढून माती झटकायची, आठवडाभर सावलीत सुकवायचा आणि कोरड्या वाळूत किंवा भाताच्या तुसात, कागदी पिशवीत ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पिशवीवर ठळक नाव लिहा आणि ती स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. सुकलेला कंद कांद्यासारखाच दिसतो आणि घरातल्या कुणाच्याही हातून चूक होऊ शकते. घरात कुत्रा-मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वरच्या फळीवर ठेवा.

एकाचे अनेक करताना

मोठा कंद दोन-तीन वर्षांत बाजूला पिल्लं धरतो. मार्चमध्ये, लावणीआधी, कंद उपसून पिल्लं हाताने सोडवा. सहज सुटेल तेच पिल्लू घ्या. जोडाची जागा कापावी लागली तर त्यावर राख किंवा हळद लावून दोन दिवस सुकू द्या. दर वर्षी उपसाउपशी नको. दाटीत हा कंद चांगला फुलतो, तीन-चार वर्षांनी एकदा कुंडी बदलली की झालं.

बियांपासून फूल यायला तीन ते पाच वर्षं लागतात, पण रोपं भरपूर मिळतात. बी ताजं असताना पेरलं तर महिना-दीड महिन्यात उगवतं.

सगळ्यात मजेदार पद्धत पानाची. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक निरोगी, पूर्ण वाढलेलं पान बुडातून कापा आणि स्वच्छ ब्लेडने त्याचे आडवे 5-6 सेंमीचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची खालची बाजू कोणती ते लक्षात राहायला हवं. वरच्या कोपऱ्याला छोटा तिरका छेद देऊन ठेवा. खालची कड तासभर सुकवून ओलसर वाळू आणि परलाइटच्या (हलके पांढरे खनिज दाणे) ट्रेमध्ये 2 सेंमी खोल उभी खोचा. उजेड हवा, थेट ऊन नको, माती चिंब नको. दोन-तीन महिन्यांनी तुकडा अलगद उचलून बघा: कापलेल्या कडेवर ओळीने ज्वारीच्या दाण्याएवढे पांढुरके कंद धरलेले असतात, काहींना केसासारखं मूळही फुटलेलं असतं. तुकडा पिवळा पडून गळेपर्यंत त्यांना तिथेच राहू द्या. खालची बाजू वर गेलेला तुकडा मात्र फुकट जातो. या कंदांना फुलायला काही वर्षं द्यावी लागतात.

दुखणी

कीड फारशी लागत नाही. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पानं रात्रीत कुरतडतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, साबणाच्या पातळ पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि आठवड्याने निंबोळी तेल फवारा. साठवलेल्या कंदाच्या सालीखालीही तो लपतो, म्हणून लावणीआधी सुटी साल काढून बघावं.

वाढीच्या ऐन काळात मधलं पान अचानक मलूल झालं आणि हलकं ओढताच हातात आलं तर कंद कुजतोय. त्याच दिवशी उपसा. मऊ तपकिरी भाग पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत कापून टाका, बुरशीनाशकाची पूड लावून सुकवा आणि नव्या, कोरडसर वाळूत ठेवा. बुडाची चकती शाबूत असेल तर कंद वाचतो. चकतीच गेली असेल तर वर उरलेली निरोगी पानं कापून त्यांचे तुकडे खोचा, जात तरी हातची जात नाही.

थंडीच्या देशांतल्या मराठी वाचकांसाठी

ब्रिटनच्या सौम्य भागांत कंद बाहेर जमिनीतच 15 सेंमी खोल लावता येतो; हिवाळ्यात वर पालापाचोळ्याचा जाड थर घाला. लावणी एप्रिलमध्ये, फुलं जुलै-ऑगस्टमध्ये. न्यू जर्सी किंवा त्याहून गार ठिकाणी गोठवणाऱ्या थंडीचा पहिला कडक तडाखा पानांना बसला की कंद उपसून 5 ते 10 अंशांच्या कोरड्या तळघरात ठेवा आणि जमीन उबदार झाल्यावर पुन्हा लावा. मेलबर्न-सिडनीकडे सगळं उलटं: सप्टेंबरमध्ये लावणी, एप्रिल-मेमध्ये विश्रांती. पर्थचा पाऊस हिवाळी आहे, तिथे कुंडी जून ते ऑगस्ट छपराखाली ठेवावी लागते आणि उन्हाळ्यात पाणी हाताने द्यावं लागतं.